पित्ताशयातला रवा

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात आली होती आणि मला सातवा महिना लागला होता. डार्मश्टाटच्या विद्यापीठात मी डॉक्टरेट करत होते. विषय कागद; म्हणजे कागद ज्या तंतूंचा बनतो, ते तंतू. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. तो रोज सकाळी एस-बान ही लोकल पकडून फ्रांकफुर्टच्या बाजूला एका कंपनीत जायचा. आमच्या ओळखीची मराठी मुलंमुली गावात बरीच होती आणि दिवाळीतल्या रविवारी सगळ्यांनी मिळून वसतिगृहाच्या तळघरातल्या हॉलमध्ये जेवण करायचं ठरवलं होतं.

पहिले चार महिने मळमळीमुळे मला अन्नाचा वाससुद्धा नको व्हायचा. त्या दुपारी मात्र सगळंच आवडलं. चकली, शंकरपाळे, गरम बटाटेवडे, श्रीखंड आणि त्याबरोबर पुऱ्या. एका मुलानं मोठ्या पातेल्यात तेल तापवून अखंड पुऱ्या तळायचा सपाटा लावला होता आणि प्रत्येक फुगलेली पुरी तो आधी माझ्या ताटात टाकत होता. "दोघांचं खायचंय तुला," म्हणत होता. मी खाल्लं.

घरी आलो तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. नोव्हेंबरात तिथं चार-साडेचारलाच दिवे लागतात. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले आणि उजव्या बरगडीखाली काहीतरी आवळल्यासारखं झालं. आधी वाटलं, गॅस असेल. मग ते आवळणं वाढत गेलं, पाठीत शिरलं, उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत गेलं आणि तिथंच थांबून राहिलं. बसता येईना, झोपता येईना. मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. नवरा विचारत होता, "कळा आहेत का? कळा आहेत का?" मला माहीत नव्हतं. मला कळा कशा असतात हेच माहीत नव्हतं. सातव्या महिन्यात बाळ बाहेर येणार, एवढी एकच गोष्ट डोक्यात होती.

टॅक्सीनं हॉस्पिटलात पोचलो. तिथं आधी पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके बघितले. घोड्याच्या टापांसारखा तो आवाज खोलीभर घुमत होता, एकसारखा, न थकता. बाळ ठणठणीत होतं. कळाही नव्हत्या. मग कुणीतरी फोन केला आणि थोड्या वेळानं दुसऱ्या विभागातून एक डॉक्टरीणबाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, आखूड पांढरे केस, चष्मा गळ्यातल्या दोरीला लटकलेला. मला सलाईनमधून दुखणं कमी करणारं औषध त्यांनीच सुरू करवलं आणि कळ जरा उतरल्यावर अल्ट्रासाउंडचं यंत्र स्वतः ढकलत माझ्या कॉटजवळ आणलं. जेलची बाटली त्यांनी आधी दोन्ही तळव्यांत धरून थोडी गरम केली. ती गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे, कारण तोपर्यंत माझ्या पोटावर जेल नेहमी बर्फासारखंच पडलेलं होतं.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "आता आपण जरा वरच्या मजल्यावर बघू."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. बाळ मी आधीही दोनदा पाहिलं होतं, पण हा भाग नवा होता. करड्या रंगाचा एक मोठा, सलग, शांत प्रदेश दिसत होता. "हे तुमचं लिव्हर." त्याच्या कुशीत एक काळी पिशवी, नासपतीच्या आकाराची. "हे पित्ताशय. आत जे काळं दिसतंय ते पित्त." आणि त्या काळ्याच्या तळाशी काहीतरी भुरकट, पांढुरकं साचलं होतं. त्यात दोन-तीन दाणे जास्त चमकत होते आणि प्रत्येकामागे एक बारीक सावली पडली होती.

"आता डाव्या कुशीवर वळा. सावकाश."

मी वळले. पोट सांभाळत, नवऱ्याचा हात धरून. आणि पडद्यावर ते सगळं भुरकट हललं. आधी एक कोपरा सुटला, मग सगळा थर हळूहळू घरंगळत पिशवीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. मी हलले म्हणून माझ्या आत वाळू सरकली. मी बघत राहिले. दुखणं अजून पूर्ण गेलं नव्हतं, तरी मी ते विसरले होते.

"ग्रीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडे बघितलं. ग्रीस हा शब्द आम्हाला चांगला ठाऊक होता. सुपरमार्केटमध्ये पिठाच्या फळीवर निळ्या पाकिटात मिळायचा. आम्ही त्याचा शिरा आणि उपमा करायचो.

"रवा?" मी मराठीतच म्हणाले.

नवऱ्यानं जर्मनमध्ये विचारलं, "ग्रीस म्हणजे तोच, खायचा?"

त्या हसल्या. "गेनाऊ, अगदी तोच. तसाच दिसतो म्हणून. पित्ताशयातला रवा, आणि दोन-तीन अगदी छोटे खडे."

मग त्यांनी यंत्राचा तो दांडा बोटभर खाली सरकवला. फक्त बोटभर. लिव्हर पडद्यावरून बाजूला गेलं आणि तिथं एक टाच आली. पाच बोटांचं एक पाऊल, आतून गर्भाशयाच्या भिंतीवर टेकलेलं. बाळ उचक्या देत होतं. दर थोड्या वेळानं ते पाऊल उडायचं. डॉक्टरीणबाईंनी दांडा वर नेला की रवा, खाली आणला की पाऊल. मला आजही नीट सांगता येत नाही तेव्हा काय वाटलं ते. भीती होतीच. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. सूक्ष्मदर्शकाखाली मी वर्षानुवर्षं लाकडाचे, कापसाचे तंतू बघत आले होते आणि आपल्याला बारीक बघता येतं असा माझा समज होता. माझ्या स्वतःच्या कातडीखाली दोन बोटांवर एवढं सगळं चाललंय, एकीकडे माणूस घडतोय आणि शेजारी खडे घडतायत, आणि दोन्हीतलं काहीच मी करत नाहीये, हे मला माहीतच नव्हतं.

नवऱ्यानं विचारलं, "ऑपरेशन करावं लागेल?"

"आत्ता नाही. कदाचित कधीच नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि सावकाश, आम्हाला समजेल अशा जर्मनमध्ये सांगितलं. गरोदरपणात हार्मोन्समुळे पित्ताशय सुस्तावतं. नीट आकुंचन पावत नाही, पित्त आतच साचून राहतं, दाट होतं, खाली गाळ बसतो. बाळंतपणानंतर ते पुन्हा जागं होतं. पुष्कळ बायकांमध्ये हा रवा, आणि कधीकधी एवढाले छोटे खडेसुद्धा, नंतरच्या काही महिन्यांत आपोआप निघून जातात. सगळ्यांमध्ये नाही. तुमचं रक्त चांगलं आहे, पित्ताची नळी मोकळी आहे, सूज नाही. म्हणून आपण वाट बघायची.

"आणि मी काय करायचं?"

"थोडं थोडं खायचं, वेळेवर खायचं. उपाशी अजिबात राहायचं नाही. उपाशी राहिलं की पित्त आणखी साचतं. आजच्यासारखी मेजवानी नको. पण तेल-लोणी पूर्ण बंदही करायचं नाही. थोडी चरबी पोटात गेली तरच ती पिशवी पिळली जाते." मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा दुखणं थांबेना, तर वाट बघायची नाही. त्याच क्षणी इथं यायचं. मी वाट बघा म्हणते ते यातलं काही नसेल तरच."

ते आम्ही दोघांनी पाठ केलं.

डिसेंबरात माझ्या सासूबाई आल्या. इस्लामपूरहून मुंबई, मुंबईहून फ्रांकफुर्ट, आयुष्यातला पहिला विमानप्रवास. नऊवारी त्या नेसत नव्हत्या, पण पाचवारीवर माझ्या नवऱ्याचा जुना स्वेटर, डोक्याला मफलर, पायात मोजे आणि सँडल अशा त्या विमानतळाच्या दारातून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत कपड्यांपेक्षा डिंक, अळीव, खारीक, सुकं खोबरं आणि साजूक तुपाचा पॅक केलेला डबा जास्त होता. बाळंतिणीच्या लाडवांची सगळी तयारी. माझी आई तेव्हा माझ्या आजारी वडिलांना सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून सासूबाईंनी स्वतःच "मी जाते" म्हटलं होतं.

फोनवर त्यांना खड्यांचं सांगितलं होतं. रव्याचंही. "अगं, रवा काय पोटात होतो का?" त्या म्हणाल्या होत्या, आणि मग एकदम गप्प झाल्या होत्या.

त्या गप्प का झाल्या ते आल्यावर दुसऱ्याच दिवशी कळलं. मी भाजी चिरत होते. त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली, पदर बाजूला केला, पोलकं वर सरकवलं आणि उजव्या बरगडीखाली तिरका गेलेला एक जाड, पांढुरका वण दाखवला. वीतभर लांब. दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा.

"हे बघ. हा तिसरीत होता तेव्हाचं," त्या म्हणाल्या. हा म्हणजे माझा नवरा. "मिरजेला नेलं मला. पिवळी पडले होते हळदीसारखी. घरात सगळ्यांनी धरलंच होतं की ही आता परत येत नाही. खडे काढले ते हरभऱ्याएवढे होते. नर्सनं बाटलीत घालून हातात दिले."

"अहो आई, मला माहीतच नव्हतं."

"कशाला सांगायचं? पण तेव्हापासून तूप नाही खाल्लेलं मी. आमच्या मोठ्या जाऊबाईंनी सांगितलं होतं, पिशवी काढली की तुपाचा थेंब चालत नाही. आणि तुला तर पिशवी आहे, त्यात खडेही आहेत."

मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. थोडी चरबी लागते म्हणून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि त्या संध्याकाळी मला पाण्यात शिजवलेला दुधी आणि कोरडी भाकरी वाढली. फोडणीसुद्धा नव्हती. नवरा म्हणाला, "आई, डॉक्टरांनी थोडं तेल घालायला सांगितलंय." त्या म्हणाल्या, "डॉक्टर इथं राहायला येणार आहेत का रात्री हिला दुखलं तर?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या माझ्याकडे बघायच्या तेव्हा त्यांना मी दिसत नसे. त्यांना मिरजेच्या कॉटवरची त्या स्वतः दिसत असत. हे मला तेव्हाच कळत होतं, म्हणून मी वाद घातला नाही. दुपारी विद्यापीठात कॅन्टीनमध्ये पावाला पातळ लोणी लावून खायचे, सकाळी दुधातल्या ओट्सवर चार बदाम घालायचे. एकादशीचा उपास मात्र त्यांनी मला करू दिला नाही, ते डॉक्टरीणबाईंचं त्यांना पटलं होतं. त्यांनी माझ्या पर्समध्ये बिस्किटांचा पुडा घालायचा नेमच ठेवला होता. पुन्हा तसं दुखलं नाही. एकदा नाताळच्या सुमारास उजवीकडे थोडं जड झालं, मी डाव्या कुशीवर पडून राहिले, तास-दीड तासात गेलं. तेवढा वेळ सासूबाई शेजारी बसून माझ्या डोळ्यांचा पांढरा भाग न्याहाळत होत्या.

जानेवारीच्या शेवटी मुलगी झाली. बाहेर बर्फ पडत होता. तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा मी आधी तिचं पाऊल हातात घेतलं आणि टाच बघितली.

घरी आल्यावर सासूबाईंनी लाडू केले. दोन दिवस घर तुपाच्या, तळलेल्या डिंकाच्या, भाजलेल्या खोबऱ्याच्या वासानं भरून गेलं. वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजी दार वाजवून विचारून गेल्या की कसला केक भाजताय. लाडू वळून झाले, स्टीलच्या डब्यात रचून झाले, आणि मग सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा फडताळात सगळ्यात वर ठेवून दिला.

"आई, लाडू?"

"असू देत," त्या म्हणाल्या. "केल्याशिवाय राहवलं नाही. पण तुला द्यायचा धीर होत नाही."

बाळंतिणीला लाडू न देणं त्यांना सोसत नव्हतं आणि देणंही सोसत नव्हतं. रोज सकाळी त्या डबा खाली काढत, उघडून बघत, आणि परत वर ठेवत. मी अंगावर पाजत होते, भूक सपाटून लागायची. कधीतरी त्या अर्धा लाडू बशीत घालून आणत, मी खाईपर्यंत समोर बसून राहत आणि मग दुपारभर "काही होत नाही ना?" विचारत.

मार्चच्या सुरुवातीला त्यांचा व्हिसा संपत होता. त्याआधी माझी हॉस्पिटलातली तपासणी आली. डॉक्टरीणबाईंनी सकाळी काही न खाता यायला सांगितलं होतं. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सासूबाई बाळाला घेऊन माझ्याबरोबर आल्या. ट्राममध्ये त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती. "त्यांना लाडू नेतेय," त्या म्हणाल्या. "एवढं बघितलं तुला, रिकाम्या हातानं कसं जायचं?"

डॉक्टरीणबाईंनी आधी बाळाला बघितलं, तिच्या पावलाला बोट लावलं. "हिला मी आतून ओळखते," म्हणाल्या. मग मला झोपवलं, जेलची बाटली तळव्यांत धरली, आणि तीच करडी, शांत जमीन पडद्यावर आली. काळी पिशवी आली. मी डाव्या कुशीवर वळले. तळाचा थर हलला, पण तो आता थर राहिला नव्हता. धुळीची एक विरळ रेघ होती आणि एक दाणा. एकच.

"कमी झालाय," त्या म्हणाल्या. "आता मला बघायचंय की ही पिशवी काम करतेय का. तुम्ही काहीतरी तुपकट खा, अर्ध्यापाऊण तासानं परत या. बहुतेक लोक खाली जाऊन सुकामेव्याचं चॉकलेट खातात."

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी सांगत गेले: झाडाचा डिंक तुपात तळून, खोबरं, खारीक, बदाम, गूळ, आणि पुन्हा तूप. त्यांनी एक लाडू उचलून वास घेतला, तळहातावर तोलला. "हे परफेक्ट आहे," त्या म्हणाल्या. "दोन खा."

बाहेरच्या बाकावर बसून मी दोन अख्खे लाडू खाल्ले. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. जणू मी त्यांच्या देखत काही धोक्याचं धाडस करत होते. बाळ झोपलं होतं. खिडकीबाहेर झाडांवरचा बर्फ वितळून टपटपत होता.

परत आत गेलो. यावेळी मी हट्टानं सासूबाईंना पडद्याजवळ उभं केलं. डॉक्टरीणबाईंनी दांडा टेकवला, आणि मला आधी पिशवी सापडलीच नाही. मघाची ती टम्म काळी नासपती गेली होती. तिच्या जागी एक अरुंद, सुरकुतलेली फट होती, पायातून काढून टाकलेल्या मोज्यासारखी.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातही आनंद होता. रोज बघत असतील, तरी होता. "पूर्ण पिळली गेलीय. लाडू पोटातून पुढे सरकला, आतड्याला तूप कळलं, त्यानं रक्तातून निरोप धाडला, आणि हिनं सगळं पित्त पाठवून दिलं. तुम्ही बाहेर बसला होता तेव्हा."

मी शब्द जुळवत जुळवत सासूबाईंना सांगितलं. त्या पडद्याच्या आणखी जवळ गेल्या.

"म्हणजे लाडवानं?" त्यांनी विचारलं. "माझ्या लाडवानं हे असं केलं?"

"हो."

"आणि हे कुणी सांगितलं त्या पिशवीला?"

"कुणी नाही, आई. आपलं आपणच."

त्यांनी दोन्ही हात जोडले. कुणाला ते मला कळलं नाही. पडद्याला, की डॉक्टरीणबाईंना, की त्या फटीला. मघाशी मी बाकावर बसून लाडवाचा चुरा लागलेली बोटं चाटत होते आणि आत माझ्या नकळत निरोप जात होते, दारं उघडत होती, पित्त वाहत होतं. जन्मल्यापासून रोज, प्रत्येक घासाला हे होत आलेलं होतं, आणि मी ते पहिल्यांदा बघत होते.

मी जेल पुसत होते तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "विचार ना त्यांना. माझी पिशवी काढलीय. मग तिथं आता काय आहे?"

मला जरा संकोच वाटला, पण मी विचारलं. त्यांचा वण, मिरज, हरभऱ्याएवढे खडे, आणि इतक्या वर्षांत तूप न खाणं, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग कॉटवरचा कागद बदलला आणि तळव्यानं कॉटवर दोनदा थोपटलं. "या."

सासूबाई सँडल काढून, स्वेटर सावरत कॉटवर चढल्या. पदराची घडी छातीवर धरून आढ्याकडे बघत राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी तो वण बोटानं अलगद चाचपला आणि म्हणाल्या, "त्या काळचं चांगलं काम आहे हे." मग पडद्यावर पुन्हा ती करडी जमीन आली. तशीच. मला वाटलं होतं, त्यांची वेगळी दिसेल.

"हे लिव्हर. सुंदर लिव्हर आहे."

मी भाषांतर केलं. "आई, तुमचं लिव्हर सुंदर आहे म्हणतायत."

सासूबाई लाजल्या. खरोखर लाजल्या. "काहीतरीच," म्हणाल्या.

"इथं पिशवी असायची," डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "आता लिव्हरच सरकून तिथं आलंय, रिकामी जागा नाही. आणि ही नळी बघा. पिशवी नसली तरी पित्त रोज तयार होतं, इथून सरळ खाली जातं. ही थोडी रुंद झालीय. पिशवी नसलेल्या माणसांत होते कधीकधी. अगदी ठीक आहे. त्यांना तूप खाल्ल्यावर त्रास होतो का?"

मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "खाल्लंच नाही तर त्रास कसा होईल?"

डॉक्टरीणबाई मोठ्यानं हसल्या. "मग थोडं खाऊन बघायला सांगा. थोडं."

त्या उठून बसल्या, पोट पुसलं, पदर नीट केला. पण त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती, जिथं आता नुसता काळोख होता. "एवढी वर्षं," त्या मला म्हणाल्या, "मी समजत होते आत एक भोक आहे."

डब्यातले उरलेले लाडू डॉक्टरीणबाईंना दिले. एक सासूबाईंनी मागून ठेवून घेतला. परतीच्या ट्राममध्ये खिडकीशी बसून त्यांनी तो रुमालातून काढला, अर्धा मोडला आणि खाल्ला. हळूहळू, प्रत्येक घास चावून, मग थोडा वेळ थांबून, जणू आत काय होतंय ते ऐकत. मी बाळाला मांडीवर घेऊन समोर बसले होते. उरलेला अर्धा त्यांनी उतरताना खाल्ला.

त्या गेल्यावर उन्हाळा आला. मी लोकांचं ऐकून झपाट्यानं वजन उतरवायच्या नादी लागले नाही. तसं केलं तर खडे वाढू शकतात असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वेळेवर जेवत होते, पोळीला तूप लावत होते, मुलीला गाडीत घालून हेर्नगार्टनच्या बागेत रोज फिरत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की दाणा राहिलाच तर तो विरघळवायच्या गोळ्याही असतात, पण आधी बघू.

जुलैमध्ये बघितलं. पिशवी काळी होती. मी कुशीवर वळले, उठून बसले, पुन्हा झोपले. त्यांनी सगळ्या बाजूंनी दांडा फिरवला. काहीही सरकलं नाही. काळं, स्वच्छ, नितळ.

"कुठं गेलं?" मी विचारलं.

"गेलं," त्यांनी खांदे उडवले. "बारीक होत होत, पित्ताबरोबर वाहून. तुम्हाला कळलंही नाही." मग म्हणाल्या, "सगळ्यांचं असं होत नाही हं. पुढच्या गरोदरपणात पुन्हा होऊ शकतं. पण आज काहीही नाही."

संध्याकाळी मी इस्लामपूरला फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"आई, गेलं सगळं."

"गेलं?" त्यांचा आवाज बारीक झाला. "नीट बघितलं त्यांनी? कुशीवर वळवून?"

"वळवून बघितलं."

"काळं दिसलं?"

"पूर्ण काळं."

त्यांनी लांब श्वास सोडला तो ऐकू आला, आणि मागे कुकरची शिट्टी झाली.

"अगंबाई, वरण लागेल. थांब हं, ठेवू नकोस, गॅस बंद करून आलेच," त्या म्हणाल्या. त्यांची पावलं स्वयंपाकघराकडे जाताना ऐकू आली. माझ्या मांडीवर मुलगी तोंड लावून पीत होती, तिच्या गळ्यातून एकेक घोट उतरत होता, आणि मी रिसीव्हर कानाशी धरून घोटांचा तो आवाज ऐकत बसले.